वायमारचा पाहुणा

१८२३ सालच्या नोव्हेंबरची २४ तारीख होती. जर्मनींतील वायमार या छोट्या राजधानीच्या गांवीं, फ्राउएनप्लान नांवाच्या चौकांतील एका पिवळ्या घरापुढें प्रवासाची गाडी येऊन थांबली. आंत बसलेला गृहस्थ अंगापिंडानें मजबूत, वयानें पासष्टीला टेकलेला होता. या घराशीं त्याचा वीस वर्षांहून अधिक काळचा घरोबा. कोणी तरी सामोरें येईल म्हणून तो मिनिटभर गाडींतच बसून राहिला. कोणी आलें नाहीं. तो उतरून दारांत गेला. स्वयंपाकघरांतून एका बाईनें डोकावून पाहिलें आणि ती पुन्हां आंत दिसेनाशी झाली. घरचा नोकर आला, तो मान खालीं घालून उभा. मालक कोठें आहेत, या प्रश्नाला उत्तर नाहीं. घरची सून कोठें? ती परगांवीं गेलेली. तिची बहीण? ती अंथरुणावर. शेवटीं घरधन्याचा मुलगा पुढें आला आणि वडिलांची प्रकृति बरी नाहीं, मुळींच बरी नाहीं, असें अडखळत सांगूं लागला. पाहुण्याला वाटलें, सारें संपलें. तसें तो बोलूनही गेला. नाहीं, तसें नाहीं, पण फार आजारी आहेत, असें मुलानें सांगितलें.

आल्या पावलीं परत फिरावें काय, असा विचार त्या वेळीं मनांत आला, हें या पाहुण्यानें आपल्या प्रवासाच्या टिपणांत प्रामाणिकपणें लिहून ठेवलें आहे. दुःखाच्या वेळीं दुसऱ्याच्या दारांत जाऊन पोंचलेल्या कोणालाही हा विचार ओळखीचा वाटेल. तो परत फिरला नाहीं. जिना चढून वर गेला, आणि पुढें जवळजवळ तीन आठवडे त्या घरीं राहिला. त्या तीन आठवड्यांचीच ही हकीकत आहे; परंतु ती नीट ध्यानांत येण्यासाठीं घरधनी कोण आणि पाहुणा कोण, हें अगोदर सांगितलें पाहिजे.

घरधनी म्हणजे महाकवि गटे. हें नांव महाराष्ट्रांतील सुशिक्षितांना बहुधा शाकुंतलाच्या निमित्तानें प्रथम कळतें. तें नाटक डोक्यावर घेऊन गटे नाचला, असें आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यांत आलें आहे. तो नाचला कीं नाहीं, हें सोडून देऊं. परंतु १७९१ सालीं शाकुंतलाचें जर्मन भाषांतर हातीं पडतांच त्यानें त्या नाटकाच्या गौरवाची चार ओळींची कविता लिहिली, ही गोष्ट खरी आहे.

वायमार हें गांव त्याच्यामुळें आणि त्याच्या मित्रांमुळें मोठें झालें. एरवीं तें इल्म नदीच्या कांठचें, दहा हजारही वस्ती नसलेलें, एका ड्यूकच्या दरबारावर जगणारें गांव. पण एके काळीं वीलांड, हर्डर, शिलर आणि गटे असे चार थोर लेखक एकाच वेळीं तेथें राहत होते. हर्डर १८०३ च्या डिसेंबरांत गेला, शिलर १८०५ च्या मे महिन्यांत, वीलांड १८१३ च्या आरंभीं. १८१६ सालीं गटेची पत्नी वारली. १८२३ सालीं चौऱ्याहत्तर वर्षांचा गटे त्या गांवांत एका अर्थानें एकटा उरला होता. युरोपभरचे प्रवासी त्याला पाहावयाला येत, तें निराळें. त्यांच्यासाठीं घराच्या दर्शनी भागांत मोठीं दालनें होतीं. इटलीहून परतल्यावर त्यानें मुद्दाम बांधवून घेतलेला रुंद, बेताच्या पायऱ्यांचा जिना होता. कोनाड्यांतून प्राचीन मूर्तींच्या प्रतिकृति उभ्या होत्या. आणि वरच्या दाराशीं जमिनींत स्वागताचा लॅटिन शब्द बसविलेला होता. पण खरा गटे राहत असे तो मागच्या अंगाला, बागेकडील ठेंगण्या छताच्या दोन खोल्यांत. एकींत लिहिण्याचें साधें लांकडी टेबल, दुसरींत बिछाना आणि शेजारीं एक हातांची खुर्ची. तेथपर्यंत फार थोड्यांचा प्रवेश होता.

त्या थोड्यांपैकीं एक म्हणजे गाडींतून उतरलेला हा पाहुणा. त्याचें नांव कार्ल फ्रीडरिख झेल्टर. हा बर्लिनचा गवंडी. गवंडी हा शब्द येथें अलंकारानें वापरलेला नाहीं. त्याचा बाप गवंडीकाम करणारा उस्ताद होता, आणि मुलानेंही रीतसर उमेदवारी करून, परीक्षा देऊन तोच धंदा चालविला. संगीत तो कामाच्या वेळेबाहेर शिकला. आणि इतकें शिकला कीं १८०० सालीं बर्लिनच्या गायनसंस्थेचें, झिंगअकाडेमीचें, चालकत्व त्याच्याकडे आलें. बाखच्या रचना लोक विसरूं लागले असतांना त्या संस्थेंत त्या गाइल्या जात होत्या, याचें श्रेय बरेंचसें त्याचें आहे. गटेच्या कवितांना त्यानें चाली लावल्या, त्या गटेच्या कानावर पडल्या, त्याला आवडल्या, आणि १७९९ सालीं दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. प्रत्यक्ष भेट झाली ती १८०२ च्या फेब्रुवारींत, म्हणजे ऐन हिंवाळ्यांतच, वायमारला.

झेल्टरच्या चाली आज कोणी फारशा गात नाहीं. शूबर्टनें गटेच्याच कवितांना लावलेल्या चाली जगभर गाइल्या जातात. त्या चालींचें बाड १८१६ सालीं शूबर्टच्या मित्रांनीं गटेकडे पाठविलें होतें, तें उत्तरावांचून परत गेलें. गटेला चाल साधी हवी असे. शब्दांवर कुरघोडी करणारें संगीत त्याला खपत नसे, आणि झेल्टर त्याला हवें तेंच देत असे. कवीचा कान येथें चुकला, हें मान्य केलें पाहिजे. पण मैत्री कांहीं चालींच्या गुणांवर टिकली नव्हती. झेल्टर रोखठोक बोलणारा, हंसविणारा, बर्लिनच्या रस्त्यांवरची भाषा न लाजतां वापरणारा माणूस होता. बर्लिनजवळच्या टेल्टो गांवचे बारीक सलगम गटेला फार आवडत, म्हणून ते तो त्याला पाठवीत असे. पत्रांत काव्यशास्त्राची चर्चा चालली आहे आणि मध्येंच सलगमांची पोंच आहे, असा हा व्यवहार.

या मैत्रीला खरी खोली आली ती १८१२ च्या हिंवाळ्यांत. झेल्टरच्या पत्नीच्या पहिल्या लग्नाचा मुलगा त्यानें आपला म्हणून वाढविला होता. त्या तरुणानें नोव्हेंबरांत गोळी झाडून घेऊन जीव दिला. झेल्टरनें गटेला ही बातमी कळविली आणि दोन शब्द धीराचे मागितले. जर्मन भाषेंत आपल्याप्रमाणेंच जिवलगाला एक सर्वनाम आहे आणि मानाच्या माणसाला दुसरें. गटे या बाबतींत मोठा काटेकोर. तेरा वर्षांच्या पत्रव्यवहारांत दोघांनीं एकमेकांना 'आपण' म्हटलें होतें. डिसेंबरच्या आरंभीं गटेचें उत्तर आलें, त्यांत पहिल्याच वाक्यांत 'तूं' होतें. या बदलाबद्दल त्यानें पत्रांत कांहीं खुलासा केला नाहीं. उपदेशही केला नाहीं. जीव नकोसा होणें म्हणजे काय हें आपण स्वतः तरुणपणीं अनुभविलें आहे, आणि त्या लाटांतून बाहेर पडतांना किती कष्ट पडले तेंही आपल्याला ठाऊक आहे, एवढेंच त्यानें लिहिलें. ज्यानें वेर्टरची कादंबरी लिहिली त्यानेंच हें लिहावें, याला वेगळें वजन होतें.

नंतर एक आनंदाचा प्रसंग आला. १८२१ च्या नोव्हेंबरांत झेल्टर वायमारला आला तो आपल्या बारा वर्षांच्या एका शिष्याला घेऊन. हा मुलगा म्हणजे पुढें जगप्रसिद्ध झालेला संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोन. गटे त्या वेळीं येना येथें होता, तो रविवारीं परतला. मुलगा गांवांतील चित्रकार क्रानाखच्या घराचें रेखाटन करीत बसला होता. म्हातारबुवा आले, अशी वर्दी घेऊन झेल्टर आला आणि दोघे धांवतच फ्राउएनप्लानवर गेले. गटे बागेंत होता. मुलानें घरीं लिहिलेल्या पत्रांत, त्याचें एकही चित्र त्याच्यासारखें दिसत नाहीं, अशी तक्रार केली आहे. आणि तो सत्तरीचा नव्हे, पन्नाशीचा वाटतो, असेंही लिहिलें आहे. मग रोज दुपारीं पियानो उघडे. बाखच्या रचना वाजत, मुलगा मनानेंही कांहीं वाजवी. एके संध्याकाळीं गटेनें आपल्या संग्रहांतून मोझार्टच्या हस्ताक्षराचा कागद काढून पुढें ठेवला. मुलानें तो पाहतांच वाजविला. मग बेटोव्हेनचा कागद काढला. त्यावर नुसते डाग आणि खाडाखोड. मुलाला हंसूं आलें. पण एकदां चांचपडत, चुकत वाजवून झाल्यावर दुसऱ्या खेपेस त्यानें तोही बिनचूक वाजवून दाखविला. गटेनें चौदाव्या वर्षीं फ्रांकफुर्टला सात वर्षांच्या मोझार्टला ऐकलें होतें, त्याची त्याला आठवण झाली. त्यानें पाहुण्यांना लवकर जाऊं दिलें नाहीं. मुक्काम दोन आठवड्यांवर गेला. मागें उभा राहून झेल्टर हें पाहत होता. गुरूला यापेक्षां अधिक सुखाचे दिवस क्वचित् लाभत असतील.

त्यानंतर दोनच वर्षांनीं ही २४ नोव्हेंबरची दुपार आली.

मधल्या काळांत घडलें तें असें. उन्हाळ्यांत गटे बोहेमियांतील मारीनबाडला पाण्याच्या उपचारासाठीं जात असे. तेथें एका कुटुंबांतील उल्रिके फॉन लेव्हेत्सो या मुलीवर त्याचें मन जडलें. ती एकोणीस वर्षांची, तो चौऱ्याहत्तर वर्षांचा. त्याच्या वतीनें खुद्द वायमारच्या राजानें मुलीच्या आईकडे मागणी घातली. आईनें स्पष्ट नकार दिला नाहीं, होकारही दिला नाहीं. सप्टेंबरांत कार्ल्सबाड येथें निरोप झाला. परतीच्या वाटेवर, गाडींत आणि मुक्कामाच्या ठिकाणीं, गटेनें एक दीर्घ विलापकाव्य लिहिलें. घरीं आल्यावर तें सुवाच्य अक्षरांत जाड कागदावर स्वतः उतरून काढलें, रेशमी दोऱ्यानें तांबड्या चामड्याच्या वेष्टनांत बांधलें, आणि कोणाला न दाखवितां ठेवून दिलें. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यानें एकरमान या आपल्या तरुण सहकाऱ्याला बोलाविलें, टेबलावर दोन मेणबत्त्या लावून घेतल्या आणि त्याला तें वाचावयाला दिलें.

या साऱ्या प्रकरणाला हंसणें फार सोपें आहे, आणि त्या वेळचे लोक हंसलेही. घरांत मात्र हंसण्याचें वातावरण नव्हतें. मुलगा आउगुस्ट आणि सून ओटिली यांचा राग उघड होता. म्हाताऱ्यानें या वयांत घरांत नवी मालकीण आणावी, ही कल्पनाच त्यांना सोसण्यासारखी नव्हती. त्यांना सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. परंतु लग्न होणार नाहीं हें ठरल्यासारखें झाल्यावरही त्या घरांतला अबोला ओसरला नाहीं. नोव्हेंबर लागला. त्या प्रदेशांत या दिवसांत दुपारीं चारनंतर लौकरच सूर्य मावळतो. गटेला खोकला जडला, छातींत कळा येऊं लागल्या. आडवें पडवेना, म्हणून रात्री खुर्चींत बसून काढाव्या लागत. वैद्य येऊन जात होते. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट भेटून गेला. ओटिली देसाउला निघून गेली होती. अशा वेळीं हॉलंडच्या प्रवासाहून बर्लिनला परतणारी झेल्टरची गाडी दाराशीं आली.

तो जिना चढला. त्या बेताच्या, सोप्या पायऱ्या त्या दिवशीं पायांखालून मागें सरत आहेत, असें त्याला वाटलें. वर गेल्यावर त्याला दिसला तो मरणोन्मुख वृद्ध नव्हे. ज्याच्या अंगांत सारें प्रेम, तारुण्यांतल्या सर्व यातनांसकट, भिनलें आहे असा एक मनुष्य त्याला दिसला. झेल्टरनें दुखणें क्षणांत ओळखलें. टिपणांत त्यानें जें लिहिलें आहे तें केवळ गवंडीच लिहूं जाणे. हें दुखणें काढून टाकावयाचें नाहीं, असें तो म्हणतो. तें याचें यालाच राहूं द्यावें. शिंपल्यांचा चुना भट्टींत जसा लाल होतो तसा हा तापूं दे. वेदना हीच याची शक्ति आणि हेंच याचें औषध. कोंकणांत शिंपल्यांच्या चुनाभट्ट्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना ही उपमा समजावून सांगावी लागणार नाहीं. कच्चा शिंपला भिंतीच्या उपयोगाचा नाहीं. तो जळावा लागतो.

मग झेल्टरनें काय केलें? मित्राला चार समजुतीच्या गोष्टी सांगाव्या, वयाची आठवण द्यावी, झालें गेलें विसरून जा म्हणावें, हें त्यानें केलें नाहीं. तें सांगणारीं माणसें घरांत होतींच. गटेनें तें तांबड्या वेष्टनांतलें काव्य त्याच्या हातीं दिलें, आणि झेल्टरनें तें मोठ्यानें वाचलें. वाचून संपल्यावर पुन्हां वाचलें. त्यानंतरच्या दिवसांतही पुन्हां वाचलें. तेवीस कडव्यांचें तें काव्य. कवि खुर्चींत बसून आपलेंच दुःख दुसऱ्याच्या आवाजांत ऐकत होता. झेल्टर गवयांना शिकविणारा. कोठें थांबावें, कोठें आवाज उतरवावा, हें त्याला कळत होतें. स्वतः वाचतांना जें काव्य गटेला फक्त जाळीत असे, तेंच मित्राच्या मुखांतून आलें म्हणजे ऐकण्यासारखें होई.

ही वाचनाची युक्ति झेल्टरनें ठरवून योजिली होती असें मानण्याचें कारण नाहीं. त्याला तें काव्य आवडलें, म्हणून त्यानें तें पुन्हां पुन्हां वाचलें, इतकी ती साधी गोष्ट असावी. परंतु परिणाम दिसूं लागला. खोकला कमी झाला. डिसेंबरच्या आरंभीं गटे पाहुण्याबरोबर बसून जेवूं लागला. एकरमानही कधीं कधीं पंक्तीला असे. ११ डिसेंबरला झेल्टरला पासष्ट वर्षें पूर्ण झालीं, तीं वायमारला याच घरीं. १३ तारखेला तो बर्लिनकडे निघाला, तेव्हां घरधनी हिंडूंफिरूं लागला होता.

औषधाचा गुण कीं वाचनाचा, हा वाद वैद्यांनीं घालावा. रोग्याचें स्वतःचें मत मात्र उपलब्ध आहे. १८२४ च्या जानेवारींत गटेनें झेल्टरला लिहिलें कीं, तूं तें काव्य पुन्हां पुन्हां वाचावयाला राजी झालास, याचें मला नवल वाटतें. जें मला इतकें प्रिय आहे कीं किती तें स्वतःशींही कबूल करवत नाहीं, तें तुझ्या मृदु आणि भावपूर्ण आवाजांत मला अनेकदां ऐकावयाला मिळालें.

गटे पुन्हां कधीं मारीनबाडला गेला नाहीं. उल्रिकेनें पुढें लग्न केलें नाहीं. ती १८९९ सालीं, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षीं वारली. गटेला आणखी आठ वर्षें मिळालीं, आणि त्या वर्षांत 'फाउस्ट'चा दुसरा भाग पुरा झाला. १८३० सालीं त्याचा मुलगा आउगुस्ट रोम येथें वारला. दारांत त्या दिवशीं अडखळत बोलणारा तोच. झेल्टरचें वायमारला येणें शेवटपर्यंत चालू राहिलें.

२२ मार्च १८३२ रोजीं गटे आपल्या मागच्या खोलींत, बिछान्याशेजारच्या खुर्चींत बसल्या जागीं वारला. झेल्टर तेव्हां बर्लिनला होता. तो त्यानंतर चौपन्न दिवस जगला. १५ मे रोजीं त्याचाही अंत झाला. दोघांचीं आठशेंहून अधिक पत्रें १८३३ आणि १८३४ सालीं सहा भागांत छापून निघालीं. त्यांत आरंभींच्या तेरा वर्षांच्या पत्रांतून 'आपण' आहे, आणि १८१२ च्या डिसेंबरपासून 'तूं'.